या हं, आत्ती

२ फेब्रुवारी, रविवार

ही वही माझ्या लेकीची, अनुजाची. अकरावीत असताना मैत्रिणीने वाढदिवसाला दिली होती, तेव्हापासून कोरीच पडून होती. आजपासून मी घेतली. भांडायला घरात माणूस उरलं नाही, मग बोलायचं कुणाशी?

लग्न होऊन या घरात आले त्याला बावीस वर्षं झाली आणि तेवढी वर्षं मी आणि आत्ती रोज भांडलो. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, शालूबाई. चटणीत लसूण किती घालायचा, दूध आधी तापवायचं की चहा आधी टाकायचा, कशावरूनही. गेल्या महिन्यात त्या झोपेतच गेल्या. आदल्या दिवशीचं भांडण अर्धवटच राहिलं. आबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, कॉटजवळ माठ ठेवायचा की नाही, यावर चाललं होतं. त्यांचं म्हणणं होतं, ओल येते. मी म्हणत होते, आबांना उठायला लागू नये. आता माठ कॉटजवळच आहे. मी जिंकले, पण त्यात काही राम नाही.

एक गोष्ट कुणाला सांगता येत नाही, ती इथं लिहून ठेवते. आत्तींना उचलून बाहेर काढलं तेव्हा मी उंबऱ्याच्या आत उभी होते. बायका रडत होत्या. आणि माझ्या तोंडातून स्पष्ट निघालं, “या हं, आत्ती.” सवयच ती. त्या कुठंही निघाल्या, अगदी कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला, की दारातून “येतो गं” म्हणायच्या आणि मी आतून “या” म्हणायचे. निघणारा ‘जातो’ म्हणत नाही आणि घरातलं माणूस ‘जा’ म्हणत नाही, ही आपली रीतच आहे. पण ती जिवंत माणसांसाठी. बयाआत्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पदर तोंडात कोंबला. बयाआत्या म्हणजे आबांची धाकटी बहीण, उचगावला असतात. बाकी कुणाच्या लक्षात आलं नसावं.

गंमत म्हणजे आत्तींना “या” म्हटलं की त्या खरोखरच दोन मिनिटांत परत यायच्या. “इसरलंच बग” म्हणत. कधी चष्मा, कधी रुमाल, कधी दाराच्या खिळ्यावर लटकवलेली वायरची पिशवी. काही विसरल्याशिवाय ती बाई कधी घराबाहेर पडली नाही. या वेळीही पिशवी खिळ्यावरच राहिली आहे. काढावीशी वाटत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

अनुजा पुण्याला परत गेली. “येतो गं मम्मी.” “ये.” म्हटलं आणि उगीचच जीभ चावली.

मुकादमाने आबांचा चष्मा फोडला. मुकादम म्हणजे आमचा बोका. शेजारच्या खतिजाभाभींच्या मांजरीचं पिल्लू, आत्तींनी पदरात घालून आणलेलं. दिवसभर उंच जागी बसून आपण काय करतो ते बघायचं आणि स्वतः इकडची काडी तिकडे करायची नाही, म्हणून आत्तींनी नाव ठेवलं मुकादम. आबांचा चष्मा खिडकीत असतो. खळ्ळकन आवाज आला म्हणून पळत आले, तर चष्मा फरशीवर, दोन्ही काचा फुटलेल्या आणि मुकादम शेजारी शेपूट गुंडाळून बसलेला. वर बघत होता, रिकाम्या खिडकीकडे.

मी आबांना म्हटलं, उद्या काचा टाकून आणते. आबा म्हणाले, “असू दे. दिसतंय की तसं बरंच.”

पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस, चष्म्याशिवाय पेपरातला मथळासुद्धा दिसत नाही. पण बायको गेल्यापासून पेपर उघडलाय कुठं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज चप्पल. आबांची कापशीची करकर वाजणारी चप्पल, पायात घातली की गल्लीच्या टोकाला कळायचं केरबा पाटील निघाले. उजव्या पायाचा अंगठा उचकटून काढलाय. डाव्या पायाची जशीच्या तशी आहे. माझी, अमरची, अनुजाची जुनी सँडल, सगळी तिथंच होती, त्यांना नखसुद्धा लावलेलं नाही.

मुकादमाला केरसुणी दाखवली. त्याने माझ्याकडे असं बघितलं जणू मी त्याच्याकडे रोजंदारीवर आहे. रंगेहाथ मात्र सापडत नाही कधी. मी पोचते तेव्हा काम झालेलं असतं आणि साहेब शेजारी.

(वहीत ‘अमर’ लिहिते. तोंडावर ‘अहो’ म्हणते. वही माझी आहे.)

२३ फेब्रुवारी, रविवार

दुपारी भांडी घासताना सहज दाराकडे पाहिलं. मुकादम उंबऱ्यात गोल फिरत होता. अंग तिरकं करून, शेपूट ताठ, मधूनच डोकं पुढं ढकलत. आत्ती बाहेरून आल्या की त्यांच्या पायांत असंच घोटाळायचा, त्या करवादायच्या, “पाडतोस व्हय मला?” आज पायबिय काही नव्हते. रिकाम्या जागेभोवती फिरत होता आणि ती जागा बरोब्बर मोकळी सोडत होता.

खतिजाभाभी कढीपत्ता मागायला आल्या होत्या, त्यांनाही दाखवलं. मी म्हटलं, मांजरंसुद्धा आठवण काढतात बघा. भाभी बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “मांजार माणसाच्या पायाला घासतंय गं. वाऱ्याला न्हाय घासत.” आणि कढीपत्ता न घेताच गेल्या.

१ मार्च, शनिवार

चटणीचं काम काढलंय. यंदा एकटीच. गच्चीवर ब्याडगी आणि संकेश्वरी मिरच्या वाळत टाकल्यात, सगळं घर शिंकतंय. मला भीती होती मुकादम मिरच्यांत लोळणार. तो कडेकडेने चालत गेला, एका मिरचीला पाय लावला नाही. आणि खाली येऊन आबांचा पटका फाडून ठेवला.

जोतिबाच्या यात्रेला बांधायचा गुलाबी पटका. ट्रंकेत होता. ट्रंक उघडी कशी राहिली कळत नाही. नखांनी ओरबाडल्यासारखा फाटलेला नाही, उभाच्या उभा, एका सरळ रेघेत फाटलाय, बायका धोतराची चिंधी काढतात तसा. नखं चांगलीच धारदार झालीत मेल्याची.

मला रडू आलं. चष्मा, चप्पल ठीक आहे, पण या पटक्याला आत्ती दर वर्षी स्वतः खळ घालायच्या. आबा मात्र शांत. म्हणाले, “वज्झं कमी हुतंय त्येवढंच. तिला वज्झं चालत न्हाय.”

यात्रेला निघताना आत्ती आबांना नेहमी टाकून बोलायच्या, एवढं बोचकं कशाला, चढ चढवत नाही तुम्हाला. ती आठवण निघाली असणार. मी विचारलं, जेवायला काय करू? तर म्हणाले, झुणका कर. भूक चांगली लागते त्यांना. तोंडावर जरा तुकतुकीसुद्धा आली आहे, आत्ती गेल्यानंतर पहिल्यांदा.

५ मार्च, बुधवार

आबांची कवळी सापडेना. सकाळपासून घर पालथं घातलं. कॉटखाली, न्हाणीत, माठामागे. आबा आपले बिनदातांचे हसत बसले होते, मला हसू आणि राग दोन्ही येत होतं. शेवटी सापडली कुठं, तर आत्तींच्या वायरच्या पिशवीत. रुमालात गुंडाळलेली. पिशवी खिळ्यावर जशी होती तशी.

अमर म्हणाला, आबांनीच ठेवली असेल, वय झालंय. मलाही तसंच वाटतं. पण पिशवी खिळ्यावरून काढायची तर आबांना हात डोक्याच्या वर न्यावा लागेल आणि त्यांचा खांदा तर उचलत नाही. अमरने संध्याकाळी दवाखान्यात नेऊन आणलं. सगळं तपासलं, डॉक्टर म्हणाले म्हातारबा ठणठणीत आहेत.

एकाच माणसाच्या वस्तूंवर डोळा ठेवलाय या बोक्याने. आत्ती त्याच्या होत्या, आबांनी त्यांना आपल्याकडून नेलं असं काहीतरी त्याच्या डोक्यात असेल. याचं आबांशी वैर आहे, दुसरं काय? मला आबांची काळजी वाटते. माझे वडील मी शाळेत असतानाच गेले. सासरी आल्यावर पहिल्याच वर्षी आबांनी मला लुना शिकवली, सगळी गल्ली बघत असताना. आत्ती म्हणाल्या, सुनेला कुठं पाठवताय? आबा म्हणाले, कुठं का जाईना, येईल की परत. मला त्या दिवशी बाप मिळाला. त्यांच्या अंगावर या मांजराने झेप घेतली, नख डोळ्याला लागलं तर?

९ मार्च, रविवार

मुकादमाला पोत्यात घालून अमर उचगावला सोडून आला, बयाआत्यांकडे. तिथं गोठा आहे, उंदीर आहेत, दूध आहे. पोत्यातून आवाज आला नाही. तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

आबा एवढंच म्हणाले, “आता तिची वाट कोण बघणार?”

मला वाटलं मांजरीबद्दल म्हणतायत. पण मुकादम तर बोका आहे.

१४ मार्च, शुक्रवार

माठ फुटला.

मी स्वयंपाकघरात, अमर कामावर, आबा बाहेर कट्ट्यावर. मुकादम उचगावात. आवाजसुद्धा आला नाही. पाणी दारापर्यंत वाहत आलं तेव्हा कळलं. कडेला एक छोटं भोक पडलं होतं आणि त्यातून पाण्याची बारीक धार लागली होती. कॉटभोवती गोल पाणी साचलं होतं. मी माठ उचलायला गेले तर हातातच दोन तुकडे झाले.

उन्हाने तडकला असणार. मार्चमध्येच एवढं तापलंय. ओल येते म्हणणाऱ्या शेवटी जिंकल्या म्हणायच्या.

फरशी पुसली, कोरडी झाल्यावर परत पुसली.

१६ मार्च, रविवार

बयाआत्या रिक्षा करून आल्या, मांडीवर मुकादम. खात नाही, पीत नाही, गोठ्याच्या दारात कोल्हापूरच्या दिशेने तोंड करून बसून राहतो म्हणाल्या. घरात पाय ठेवताच तो सुटला आणि उंबऱ्यात जाऊन बसला. मी त्याची माफी मागितली. मांजराची माफी मागायची वेळ आली.

माठाचं सांगितलं. आत्या कॉटजवळ गेल्या, कुठं भोक पडलं होतं, पाणी कसं वाहिलं, सगळं विचारलं. मग पटक्याचं विचारलं. मी फाटका पटका आणून दाखवला. त्या खालीच बसल्या. म्हणाल्या, भोक पाडलेला माठ आणि फाडलेलं कापड, कुणाच्या भोवतीनं करत्यात हे, तुला ठावं न्हाय व्हय?

मला ठाऊक होतं. खांद्यावर मडकं घेऊन अमर आत्तींच्या भोवती फिरला होता, मडक्यातून अशीच धार लागली होती. मनात आलं नव्हतं असं नाही. वहीत लिहायचं धाडस झालं नव्हतं.

आत्या हलक्या आवाजात बोलत होत्या, कारण आबा बाहेर कट्ट्यावर होते. “वैनी समाधानानं गेलती. रक्षाविसर्जनाला कावळा लगीच शिवला. तिचं मागं काय राहिलं नव्हतं. तू ‘या’ म्हणलीस. बोलावल्यावर माणूस येतंय की.”

“चुकून तोंडातून गेलं, आत्या.”

“तिला काय ठावं चुकून गेलं? आली. आली ती आता काय तर इसरलेलं घेऊनच जाणार.”

आम्ही दोघी कट्ट्याकडे बघत होतो. आबा उन्हात पाय सोडून बसले होते, एका पायात चप्पल, एक पाय उघडा.

मी विचारलं, मग करू काय? त्या म्हणाल्या, ज्यानं बोलावलं त्यानंच ‘जा’ म्हणायचं. शांती, पूजा काही उपयोगाची नाही. “दुसऱ्या कुणाचं ऐकायची न्हाय ती.”

१७ मार्च, सोमवार

ऊन डोक्यावर असताना केलं. आबा जेवून पडले होते. मी उंबऱ्यापाशी उभी राहिले आणि म्हटलं, “आत्ती, जावा आता.”

परत म्हटलं. “आबांना राहू दे. मी बघते त्यांचं सगळं. तुम्ही जावा.”

इतक्या वर्षांत मी त्यांना काय काय बोलले. त्यांनीही माझं माहेर, कुरुंदवाड, उभं-आडवं काढलं. पण ‘घरातून जा’ मी त्यांना कधी म्हटलं नाही आणि त्याही मला कधी म्हणाल्या नाहीत. तेवढं आम्ही दोघींनी सांभाळलं होतं. आज मी ते म्हटलं, आणि तेही त्या गेल्यावर.

मुकादम उंबऱ्यात बसला होता. त्याने मान वर करून पाहिलं, माझ्याकडे नाही, माझ्या शेजारी. मग उठून पायऱ्यांपर्यंत गेला, तिथं थोडा वेळ थांबला आणि परत आला. निरोप द्यायला गेल्यासारखा. मी जमिनीवर बसून रडले. सासूसाठी एवढं रडेन असं लग्नात कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

आणखी एक ठरवलं आहे. या घरात आता काही दिवस कुणाला ‘या’ म्हणायचं नाही. ‘बरं’ म्हणायचं, ‘सावकाश’ म्हणायचं.

३० मार्च, रविवार

पाडवा. दुखवट्याचं वर्ष, म्हणून गुढी नाही. शेजारच्या गुढ्या बघत कडुलिंब खाल्ला.

काही फुटलं नाही, काही हरवलं नाही. आबांना नवा चष्मा आणून दिला, तो डबीत तसाच आहे. पण आबा बरे नाहीत. झुणका समोर ठेवला तरी दोन घास. सगळा वेळ दाराकडे बघतात. काल मला जवळ बोलावून विचारलं, “तुमचं काय बिनसलं व्हय गं?” कुणाचं, असं मी विचारलं नाही. नाही म्हटलं. ते म्हणाले, “मग रुसली कशावर? दारातनंच माघारी गेली.”

मी त्यांचं भलं केलं की वाटोळं, कळत नाही. अमर म्हणतो दोघी मिळून माझ्या बापाला वेडा करणार तुम्ही, तू आणि बयाआत्या.

४ एप्रिल, शुक्रवार

सकाळी कपडे वाळत घालून खाली आले. मुकादम उंबऱ्यात गोल फिरत होता. शेपूट ताठ.

आबा कॉटवर उठून बसले होते. चेहरा उजळलेला. म्हणाले, “आली बग. पायऱ्या चढायला येळ लागतोय तिला आता.” आणि दोन भाकरी खाल्ल्या.

मी परत ‘जावा’ म्हणायला उंबऱ्यापर्यंत गेले. आबा माझ्याकडे बघत होते. म्हणू शकले नाही.

१० एप्रिल, गुरुवार

आबा म्हणाले, “आम्ही औंदा जोतिबाला जायचं म्हणतोय.” परवा यात्रा आहे. ‘आम्ही’ म्हणायची त्यांना सवयच आहे. गर्दी, ऊन, गाडी, सगळं सांगून बघितलं. त्यावर ते हसले. म्हणाले, जायला काही वाटत नाही, चढसुद्धा सोपा झालाय आता, अडचण एकच आहे. “तिला च्या जमत न्हाय. तुझ्या हातचा च्या सोडून जायचं जिवावर येतंय बग.”

आत्तींचा चहा म्हणजे खरंच साखरेचं कोमट पाणी असायचं. आम्ही दोघं हसलो. मी त्यांना लगेच आलं घालून केला. कप धुवायला नेला तर तळाला थेंब ठेवला नव्हता.

११ एप्रिल, शुक्रवार

आबा गेले.

सकाळी मी चहाचं आधण ठेवत होते. दारातून आवाज आला, “येतो गं पोरी.” कट्ट्यावर जाऊन बसतात रोज, तसंच. माझ्या ओठांवर ‘या’ आलं होतं. मी गिळलं. म्हटलं, “बरं.”

चहा घेऊन बाहेर गेले. कट्ट्यावर भिंतीला टेकून बसले होते. पायात दोन्ही चपला, तुटक्या अंगठ्याचीसुद्धा. मांडीवर आत्तींची वायरची पिशवी. चहा गरम होता अजून.

मी ‘या’ म्हटलं असतं तर?

१३ एप्रिल, रविवार

काल परवाचं सगळं सलग आठवत नाही, एकच लिहिते.

आबांना उचललं तेव्हा बयाआत्या माझा दंड घट्ट धरून उभ्या होत्या. कानात म्हणाल्या, तोंड मीट. मी मिटलं होतं. पण बाप दारातून निघाला आहे. गल्ली बघत असताना ज्यांनी मला लुनावर बसवलं, कुठं का जाईना येईल की परत म्हणाले, ते निघालेत, आणि सकाळी ‘येतो’ म्हणाले तेव्हा मी नुसतं ‘बरं’ म्हटलं होतं. त्यांनी परत यावं असं वाटत असताना तोंड मिटून कसं राहू?

“या, आबा,” म्हटलं मी. या वेळी चुकून नाही.

आत्यांनी माझा दंड सोडला. त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, आज रक्षाविसर्जनालासुद्धा. झुणका, भाकरी, भात, गोडाचं, सगळं मांडलं होतं. कावळे झाडावर बसून राहिले. अमरने हात जोडले, पाहुण्यांनी हात जोडले. शेवटी मी थर्मासमधला चहा कपात ओतून ठेवला. एक कावळा लगेच खाली उतरला आणि बाकी कशाला न शिवता त्याने कपात चोच घातली.

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मलाही हलकं वाटलं. सुनेचा चहा तेवढा राहिला होता त्यांचा.

२७ एप्रिल, रविवार

घर शांत आहे. अनुजा परीक्षेनंतर येईल. अमर कामात डोकं घालून बसतो. मला आता तितकं वाईट वाटत नाही, झोप लागते, भूकही लागते. खतिजाभाभी म्हणाल्या, चेहऱ्यावर तेज आलंय गं तुझ्या. म्हणताना हसल्या मात्र नाहीत.

सवयीने दुपारी आबांचाही चहा टाकते आणि कप कॉटजवळ ठेवते. वाया जातो, कळतं मला. परत उचलायला जाते तेव्हा रिकामा असतो. अमर पीत असेल. त्याला आल्याचा चालत नाही, पण आता प्यायला लागला असेल.

मुकादम आता दिवसातून बरेचदा उंबऱ्यात फिरतो. आज बसून बघितलं. एक गोल घेतो, थोडा सरकतो, मग शेजारी दुसरा गोल घेतो. दोन जागा मोकळ्या सोडतो. म्हातारपण आलं त्याला.

काल त्याने माझा चष्मा खिडकीतून खाली पाडला, दोन्ही काचा गेल्या. अमर म्हणाला, संध्याकाळी जाऊन टाकून आणूया, गाडी कशी चालवणार तू? मी म्हटलं, असू दे. दिसतंय की तसं बरंच.